मथुराच्या ट्रॅक्टरचं मागचं चाक

धुरी कंट्रोलर ट्रॅक्टरवर चढले ते जानेवारीतल्या एका मंगळवारी, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी. वेळ इतकी नेमकी ठाऊक असण्याचं कारण म्हणजे ती त्यांनी स्वतःच मोठ्यानं जाहीर केली. एकतीस वर्षं एसटीच्या आगारात चौकशीच्या खिडकीत बसून भोंग्यावरून गाड्या सोडलेला माणूस तो. निवृत्त झाल्यावरही "एक वाजून पाच" असं म्हटल्याशिवाय त्यांचा हात ताटातल्या भाताकडे जात नसे. गुरुप्रसाद हे त्यांचं नाव गावानं केव्हाच रद्द केलं होतं. लहानथोर सगळे त्यांना कंट्रोलर म्हणत.

आठ वाजून बारा मिनिटांनी ट्रॅक्टर रुतला.

मेरेवर, म्हणजे भाताच्या खाचराच्या, आमच्याकडच्या भाषेत कुणग्याच्या, बांधावर चार माणसं उभी होती. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आमच्याकडे कोणी अडचणीत सापडला की माणसं आधी थोडा वेळ गप्प राहतात. तेवढ्यात प्रत्येकाचा सल्ला आत शिजत असतो. ट्रॅक्टरचं उजवं मागचं चाक चिखल उडवत गरगर फिरत होतं आणि डावं मागचं चाक ढिम्म उभं होतं. कंट्रोलरांनी गिअर बदलला, पुढे घेऊन बघितलं, मागे घेऊन बघितलं. उजवं चाक फिरून फिरून हातभर खाली गेलं. डाव्यानं अर्धा वेढासुद्धा घेतला नाही.

"गुरू, तुजा डाव्या बाजूचा चाक जाम झाला हा," महादू म्हणाला.

महादू धुरी हा कंट्रोलरांचा चुलतभाऊ. त्यानं बावीस वर्षं बोटीवर काढली होती. तिथं तो स्वयंपाकघरात होता ही गोष्ट खरी, पण बोटीला इंजिन असतं आणि महादू त्याच बोटीवर होता, एवढ्यावर वाडीतल्या सगळ्या यंत्रांवर त्याचा अधिकार मानला जाई. शिवण्याच्या मशीनपासून टीव्हीपर्यंत त्यानं पुष्कळ गोष्टी उघडल्या होत्या. त्यातल्या काही बंदही झाल्या होत्या.

खरं म्हणजे ट्रॅक्टर कंट्रोलरांचा नव्हताच. तो मथुराचा, त्यांच्या बायकोचा. आणि मथुरा पंधरा दिवसांपूर्वी गेली होती. दुपारी भांडी घासता घासता छातीत कळ आली म्हणून ती पायरीवर बसली, आणि गाडी जामसंड्याच्या इस्पितळात पोचायच्या आत ती संपली. वय अठ्ठावन्न. जायच्या सहा दिवस आधी तिनं परसातल्या वाफ्यात वायंगणाचा तरवा पेरला होता. वायंगण म्हणजे हिवाळ्यात वहाळाच्या पाण्यावर काढायचं भात आणि तरवा म्हणजे त्याची रोपं. धुरीवाडीतल्या इतर पंधरा घरांनी वायंगण केव्हाच सोडलं होतं. मथुरानं एकटीनं धरून ठेवलं. त्यासाठीच तीन वर्षांपूर्वी तिनं हा छोटा ट्रॅक्टर आपल्या नावावर घेतला आणि आपणच चालवायला शिकली. ती चिखलणी करी तेव्हा कंट्रोलर मेरेवर छत्री घेऊन उभे राहत आणि पहिली फेरी किती वाजता पुरी झाली ते सांगत. आपल्यावाचून हे काम होत नाही, असं त्यांना अगदी प्रामाणिकपणे वाटे.

तरवा तीन-साडेतीन आठवड्यांचा झाला की लावायचा असतो. तीस दिवस उलटले की त्याला गाठी धरतात, मग लावला काय आणि गुरांपुढे टाकला काय, सारखंच. मथुरा गेली तेव्हा रोप बोटभरही नव्हतं. पुढचे तेरा दिवस सुतक. वाडीत सोळा घरं, सोळाही धुरी, म्हणजे सोळाही सुतकात. आणि सुतकात कोणी चिखलात नांगर घालायचा नाही हा वाडीचा नियम. कंट्रोलर रोज पहाटे बादलीनं वाफ्याला पाणी घालत. रोप काही सुतक पाळत नव्हतं, ते आपलं वाढत होतं.

तेरावं झाल्यावर मुलगी भक्ती पुण्याला परत निघाली. "बाबा, यंदा लावणी रवांदे," ती म्हणाली. "माज्यावांगडा चला."

"तिच्या हातचो तरवो हा, बाय. वाळवू काय तेका?"

भक्तीनं एकटीनंच बॅग उचलली. तिच्या आईच्या हातचं आता तेवढंच काय ते जिवंत उरलं होतं, हे दोघांनाही कळत होतं.

तर त्या मंगळवारी तरवा एकवीस दिवसांचा होता आणि ट्रॅक्टर रुतलेला होता. महादूचं निदान असं झालं की डाव्या चाकावर वजन पडत नाही, म्हणून ते फिरत नाही. त्यानं लवू घाड्याला डाव्या मडगार्डवर बसवलं आणि उजवीकडे तोल राहावा म्हणून आपण बसला. लवू घाडी गावाचा गाऱ्हाणी घालणारा. देवापुढं गावाच्या वतीनं बोलण्याचा मान त्याच्या घराकडे. देहानंही तो त्या मानाला शोभेसा होता. दोघं बसल्यावर ट्रॅक्टर आणखी वीतभर खाली गेला. मग नऊ माणसं आणि विहिरीचा काथ्याचा दोर लागला. ट्रॅक्टर बाहेर आला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते, आणि कंट्रोलरांची एक चप्पल कुणग्यात राहिली ती राहिलीच.

"वरच्या वाडीतलो पावर टिलर आणतंय," महादू म्हणाला. "तासाभरात काम जाता."

"नको," कंट्रोलर म्हणाले. "तिचो कुणगो तिच्याच ट्रॅक्टरान होतलो."

हा हट्ट होता. पण सगळं तिचं तिच्याच रीतीनं पार पडलं तर ती अजून पुरती गेली नाही असं त्यांना वाटत होतं. असली गोष्ट नऊ माणसांपुढे बोलता येत नाही.

बुधवारी जितेंद्र मेकॅनिक आला. तो मोटारसायकल बंद न करताच उतरला, अंगणात ट्रॅक्टरच्या दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "चाकाक काय नाय, कंट्रोलरानू. दोनय मस्त फिरतत."

"चिखलात फिरना नाय."

"चिखलात येवक माका टायम खंय आसा? आंब्याक मोहर इलो हा. फवारणीचे पाच पंप माजी वाट बघतत." आणि गेला. अंगणात फिरणारं चाक चिखलात फिरत नसेल तर दोष चाकात नसून चालवणाऱ्यात आहे, असा त्याचा सरळ अर्थ होत होता. तो कोणी काढला नाही. महादू फक्त खोकला. पण त्या खोकण्यानं कंट्रोलरांना दुपारचं जेवण गेलं नाही.

मग त्यांनी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडून एक गोड आवाजाची मुलगी बोलली.

"नोंदणीकृत मालकांचं नाव सांगाल का, सर?"

"मथुरा गुरुप्रसाद धुरी."

"धन्यवाद, सर. मॅडमना फोन देता का?"

कंट्रोलरांनी तोंड उघडलं. "त्या बाहेर गेल्यात," ते म्हणाले.

"किती वाजेपर्यंत येतील?"

हा प्रश्न त्यांना एकतीस वर्षांत किती माणसांनी विचारला असेल याचा हिशेब नाही. कोल्हापूर किती वाजता येईल, पणजी किती वाजता येईल. गाडी घाटात बंद पडलेली असली तरी त्यांनी कधी माणसाला उत्तराशिवाय परत पाठवलं नव्हतं. मुलीनं पुन्हा विचारलं. शेवटी ते म्हणाले, "सांगता येत नाही."

"हरकत नाही, सर. मॅडमच्या मोबाइलवर ओटीपी आलाय, तो सांगा."

मथुराचा मोबाइल स्वयंपाकघरातल्या फळीवर होता. कंट्रोलर तो रोज चार्ज करत. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी चार आकडे वाचून दाखवले, तक्रार नोंदली गेली, आणि त्याच संध्याकाळपासून तो फोन वाजू लागला. "मथुरा मॅडम आहेत का?" संध्याकाळी एक आवाज, रात्री दुसरा. तिसऱ्यांदा कंट्रोलरांनी खरं काय ते सांगून टाकलं. पलीकडचा माणूस आधी वाईट वाटलं म्हणाला, आणि मग म्हणाला की आता आधी ट्रॅक्टर वारसाच्या नावावर करून घ्यावा लागेल, त्याशिवाय इंजिनिअर पाठवता येणार नाही.

गुरुवारी ते तलाठ्याकडे गेले. खुर्चीवर बसताच त्यांची भाषा आपोआप शुद्ध झाली. तलाठी भला माणूस होता. त्यानं अर्ज वाचला, मृत्यूचा दाखला पाहिला आणि सांगितलं की वारस नोंदीची नोटीस पंधरा दिवस लावावी लागते.

"साहेब, तरवा पंधरा दिवस थांबत नाही."

"मला समजतं, पण त्याचा रकाना नाही," तलाठी म्हणाला. आणि मग त्यानं त्यांना पाणी दिलं. कंट्रोलरांना रागवायचं होतं, पण त्या पाण्यामुळे ते राहून गेलं.

माणसाचे सगळे मार्ग असे बंद झाल्यावर शुक्रवारी लवू घाड्यानं प्रकरण आपल्या हातात घेतलं. सुतक फिटलेलं होतं, देऊळ मोकळं होतं. रवळनाथापुढं नारळ ठेवून त्यानं खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा रवळनाथा! ह्यो तुजो धुरी आज तुज्या पायाकडे इलो हा. तेच्या टॅक्टराच्या मागच्या चाकाक कोणाची नजर लागली असात, कोणी काय केला असात, करवला असात, तर ता उडवून टाक, आणि दोनय चाकां एका मतान फिरव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. त्यात महादूचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

मग कौल. देवाला दोन बाजूंनी फुलाच्या पाकळ्या लावायच्या आणि सवाल टाकायचा; उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लवूनं विचारलं, "दोष चाकात आसा काय?" डावी पाकळी टपकन पडली.

लवूनं पाकळी उचलून उलटसुलट पाहिली. "देवाक यंत्रातला एकदम कळना नाय," तो म्हणाला. "सवाल नीट घालूक होयो." पुन्हा पाकळ्या लावल्या. "दोष चाकाच्या आत आसा काय?" पुन्हा डावी. तेव्हा महादूनं सुचवलं की दोषाचं राहू दे, पुढं काय करायचं तेवढंच विचार. "चाक खोलूचा काय?" असा तिसरा सवाल झाला. बराच वेळ काहीच हललं नाही. मग उजवी पाकळी पडली. कोणीतरी त्याच सुमाराला पंखा तीनवर केला होता, पण ती बाब कोणी विचारात घेतली नाही.

शनिवारी दोन्ही मागची चाकं खोलली. महादूनं आत पाहिलं, "हूं" म्हणाला, आणि काय हूं ते सांगितलं नाही. खोललीच आहेत तर वजनासाठी टायरात पाणी भरू असं ठरलं. त्यात रविवार गेला. सोमवारी चाकं परत बसवली तेव्हा डावं उजवीकडे गेलं आणि उजवं डावीकडे. ते कोणाला कळलं नाही. कुणग्यात उतरवल्यावर ट्रॅक्टर पूर्वी निदान सहा हात जायचा, आता तो दोन हातांवरच थांबला.

संध्याकाळी भक्तीचा व्हिडिओ कॉल आला. कंट्रोलरांनी तिला चाक दाखवलं.

"बाबा, टायरावरची नक्षी उलटी दिसता," ती म्हणाली. "थांबा, आईचो गेल्या वर्साचो फोटो बघतंय." ती फोटो बघत राहिली. चाक बघायला लागतो त्यापेक्षा खूपच जास्त वेळ ती बघत राहिली. "व्हय, उलटी आसा," शेवटी ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

मंगळवारी चाकं पुन्हा अदलाबदल करून बसवली. ट्रॅक्टर पुन्हा सहा हात गेला आणि रुतला. म्हणजे आठ दिवस आठ माणसं राबून गाडी होती तिथं आली होती. त्या दिवशी दोर ओढायला चारच जण आले. तरव्याची पाती पिवळसर दिसू लागली होती.

बुधवारी सकाळच्या गाडीनं तुळसा उतरली. तुळसा शेजारच्या वाडीतली, मथुराची लावणीतली जोडीदारीण. वीस वर्षं दोघींनी एकाच ओळीत लावणी केली होती. लेकीच्या बाळंतपणासाठी ती सव्वा महिना आरोंद्याला होती. मथुरा गेल्याचं तिला फोनवर कळलं होतं आणि ओल्या बाळंतिणीला सोडून येता आलं नव्हतं. ती आधी घरात न जाता सरळ वाफ्यापाशी गेली, पिशवी खाली ठेवली, रोप उपटून बुंध्याशी बोटानं चाचपलं.

"आज लावलास तर लावलास," ती म्हणाली. "दोन दिसांनी गोरवांपुढे घालूचो लागात."

"चाक फिरना नाय, तुळसा," कंट्रोलर म्हणाले, आणि आठ दिवसांची हकिगत त्यांनी तिला सांगितली. वजन, पंप, ओटीपी, नोटीस, कौल, पाणी, नक्षी. महादू आणि लवू शेजारी उभे राहून आपापला भाग दुरुस्त करत होते. तुळसानं सगळं ऐकून घेतलं.

"आणि टाच दाबलास?"

"कसली टाच?"

"शीटखाली उजव्या बाजूक बारको दांडो आसा मा? एकच चाक फिरूक लागला का ती टाचेन तो दाबी. तेना दोनय चाकां जोडली जातत म्हणी. चपला म्हणान मेरेर काढी. चपलेन दांडो सरकता म्हणी."

कंट्रोलर वाकले. सीटखाली, चिखलानं लिंपलेला, तळहाताएवढा एक लोखंडी दांडा होता. त्यांनी तो धोतराच्या सोग्यानं पुसला. वरचा रंग मधोमध उडाला होता, बरोबर टाचेएवढा.

त्यानंतर काहीच अवघड राहिलं नाही. ट्रॅक्टर कुणग्यात उतरला, उजवं चाक गरगरलं, कंट्रोलरांनी अनवाणी टाच दाबली आणि डावं चाक मुकाट्यानं फिरू लागलं. दीड तासात चिखलणी झाली. मेरेवर महादू म्हणाला, "म्हणजे चाकाक काय झालाच नाय होता." त्याच्या आवाजात थोडी तक्रार होती. मग तो आणि लवू घरी गेले, आणि बाकीचेही पांगले. आठ दिवस अंगणात माणसं होती, चहा होता, वाद होते, उद्या काय करून बघायचं याची बोलणी होती. आता उद्या कोणी येण्याचं काही कारण उरलं नव्हतं. कंट्रोलरांना एकदम भीती वाटली. चाक बिघडलेलं होतं तेच बरं होतं असं त्यांच्या मनात आलं, आणि त्याची त्यांना लाजही वाटली.

तुळसा तरव्याच्या पेंढ्या बांधत होती. तिच्या वाडीतल्या दोघी बाया पलीकडून लावायला लागल्या होत्या.

"तुळसा," कंट्रोलर म्हणाले, "ह्या दांड्याचा तिना माका कधी कसा सांगूक नाय?"

"तुमी कधी इचारलास?" तुळसानं विचारलं. तिनं टोमणा मारला नव्हता. खरोखरच कधी विचारलं होतं का, तेवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

कंट्रोलर मेरेवर बसले आणि रडायला लागले. जामसंड्याच्या रस्त्यावर ते रडले नव्हते, तेराव्याला रडले नव्हते. चौतीस वर्षं जिच्या घरात जेवलो ती काय काय जाणत होती याचा आपल्याला पत्ताच नाही, आणि आता तो कुठल्या खिडकीत लागणार, या विचारानं त्यांना धाय फुटली. तुळसानं त्यांना रडू दिलं. तिनंही एकदा पदरानं डोळे पुसले. मग तिनं एक पेंढी त्यांच्या हातात दिली.

"तरवो थांबना नाय, भावजीनू. उठा."

ते चिखलात उतरले. "किती काड्ये घेवचे?"

"तीन."

"आणि आत किती?"

"दोन पेरां. मूळ वाकडा जाता नये."

त्यांनी तीन काड्या लावल्या. वाकड्या आल्या. तुळसानं त्या सरळ केल्या. एक ओळ अशी झाली, मग दुसरी. कंट्रोलर विचारत होते आणि तुळसा सांगत होती. अंतर किती, पाणी कधी सोडायचं, खत कधी. मग लावणीचं विचारून संपलं तरी ते विचारत राहिले.

"ती हय गाणी म्हणी?"

"म्हणी तर. तुमी मेरेर इलास का गप रवी. तुमची वेळ आयकूक येवची म्हणान."

कंट्रोलरांनी पुढची ओळ धरली. "तुळसा, तिका चाय कशी लागी? गोड काय कमी साकरेची? मी कधी करून देवक नाय."

तुळसा वाकलेली सरळ झाली. सांगावं की नको, असं तिला झालं.

"चाय तिका आवडतच नाय होती, भावजीनू," ती म्हणाली. "तुमी एकटे पितास म्हणान तुमच्यावांगडा बसी."

कंट्रोलरांच्या हातात तीन काड्या होत्या. त्यांची मुळं त्यांनी पाण्यात हलवून धुतली, आणि मग खाली वाकून त्या दोन पेरं आत, सरळ लावल्या.

"आणि काय आवडा होता तिका?" त्यांनी विचारलं.